आधी डिस्कची पाठ वाचा, मग ती घ्या: जपानी गेम संगीत ऐकायला आणि जमवायला सुरुवात करताना

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी ‘टीव्ही गेम’ होता, त्यांना कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारणं आणि पुन्हा बसवणं नक्की आठवत असेल. कॉन्ट्राच्या पहिल्या लेव्हलची धून अजूनही आपल्यापैकी अनेकांच्या तोंडात आहे. ती बांधली कुणी, हे मात्र आम्हाला कधी कळलंच नाही. खेळाच्या डब्यावर संगीतकाराचं नाव नसायचं आणि शेवटी पडद्यावर काही उमटलंच तर ते टोपणनाव असायचं. १९९१च्या स्ट्रीट फायटर टूचं बहुतेक संगीत योको शिमोमुरा यांचं, पण खेळात त्यांचं नाव आलं ते ‘शिमो-पी’ असं.

ही माणसं कोण, हे मला खेळांतून नाही, जपानी रेकॉर्ड कंपन्यांनी काढलेल्या अल्बमांतून कळत गेलं. म्हणून या छंदात नव्याने येणाऱ्याला मी एकच गोष्ट आग्रहाने सांगते: खेळाच्या नावामागे धावू नका, लेबलचं, म्हणजे अल्बम काढणाऱ्या कंपनीचं, नाव धरा. लेबल कळलं की संगीतकार सापडतात, आणि संगीतकार सापडले की कधीही न खेळलेल्या खेळांचंही संगीत तुमचं होतं.

पायरी १: महिनाभर फक्त ऐका

आल्या आल्या खरेदी करू नका. सेगा, कॅपकॉम, कोनामी, ताइतो, फाल्कॉम आणि स्क्वेअर एनिक्स या कंपन्यांचं भरपूर संगीत आता स्ट्रीमिंगवर मिळतं. निन्टेंडोचं तसं नाही. त्यांनी ऑक्टोबर २०२४मध्ये स्वतःचं वेगळं संगीत अ‍ॅप काढलं आणि तेही त्यांच्या ऑनलाइन सेवेच्या सभासदांसाठी.

सुरुवातीला तीन गोष्टी ऐका. पहिली, सेगाचा १९८६चा आउट रन. गाडी चालवण्याआधी रेडिओचं बटण फिरवून खेळाडूने स्वतःच गाणं निवडायचं, ही कल्पना त्या खेळात होती. ‘मॅजिकल साउंड शॉवर’, ‘पासिंग ब्रीझ’ आणि ‘स्प्लॅश वेव्ह’ ही तीन गाणी हिरोशी कावागुची यांची. दुसरी, ताइतोचा १९८७चा दारियस, हिसायोशी ओगुरा यांचं संगीत. तीन पडदे शेजारी शेजारी मांडलेला तो खेळ होता, आणि त्याचं संगीत इतकं गंभीर आहे की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे नेमबाजीच्या खेळाचं आहे हे पटत नाही. तिसरी, १९९५चा क्रोनो ट्रिगर. तरुण यासुनोरी मित्सुदा या कामात इतके खपले की पोटात अल्सर होऊन आजारी पडले, आणि उरलेला भाग नोबुओ उएमात्सु यांनी पुरा केला.

ऐकताना कान कुठे लावायचा तेही सांगते. फॅमिकॉम म्हणजे आपल्याकडच्या त्या टीव्ही गेमचं मूळ यंत्र. त्याच्या चिपमध्ये पाच चॅनेल: दोन पल्स म्हणजे चौकोनी लहरीचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक नुसत्या खरखराटाचा आणि एक ध्वनीचे छोटे नमुने वाजवणारा. खरखराटातून ढोल-झांज काढायची, त्रिकोणी लहरीतून बेस. हेडफोन लावा आणि एका गाण्यात फक्त बेसच्या मागे जा, मग पुन्हा लावून फक्त वरच्या सुराच्या मागे जा. चार-पाच आवाजांत अख्खा वाद्यवृंद कसा भासवला आहे हे अशा वेळी समजतं. आणखी एक प्रयोग करा. कोनामीचा १९८९चा ‘आकुमाजो देन्सेत्सु’ म्हणजे बाहेरच्या देशांतला कॅसलव्हेनिया थ्री. जपानी कार्ट्रिजमध्ये कोनामीने व्हीआरसी ६ नावाची स्वतःची चिप घातली होती, तिने आणखी तीन आवाज दिले. बाहेरच्या आवृत्तीत ती चिप नव्हती. दोन्ही लागोपाठ ऐका. एकच रचना, पण जपानी आवृत्तीत ती अंगाने भरलेली वाटते.

काही धुना अल्बमवर ऐकताना ‘आपल्या आठवणीपेक्षा फार जलद आहेत’ असं वाटलं तर गोंधळू नका. जपानी यंत्र सेकंदाला ६० वेळा पडदा रंगवायचं, आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या टीव्हीसाठी बनलेली बरीचशी यंत्रं ५० वेळा. संगीताचा ताल त्याच ठोक्यावर चालायचा, म्हणून तो आपल्याकडे जवळजवळ एक षष्ठांश मंदावलेला असायचा. अल्बमवरची लय हीच रचनाकाराची लय. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा बालपणीच्या धुना पुन्हा नव्याने शिकाव्या लागल्या.

पायरी २: लेबलांची वंशावळ समजून घ्या

हा भाग वाचताना कंटाळा करू नका, पुढची सगळी खरेदी यावर उभी आहे.

गोष्ट सुरू होते हारुओमी होसोनो यांच्यापासून. येलो मॅजिक ऑर्केस्ट्रा या त्रिकुटातले ते एक. या त्रिकुटाच्या १९७८च्या पहिल्याच अल्बममध्ये आर्केड, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या, खेळांच्या आवाजांवर बेतलेले तुकडे होते. पुढे अल्फा रेकॉर्ड्सच्या छत्राखाली होसोनो आणि त्याच त्रिकुटातले युकिहिरो ताकाहाशी यांनी येन नावाचं लेबल काढलं, आणि त्याच लेबलवर २५ एप्रिल १९८४ रोजी ‘व्हिडिओ गेम म्युझिक’ हा अल्बम आला. सगळं संगीत नामकोच्या खेळांचं: झेव्हियस, पॅक-मॅन, मॅपी, डिग डग, गॅलगा. गेम संगीताचा पहिला अल्बम म्हणून याचंच नाव घेतलं जातं. आजच्या कानांना तो विचित्र वाटू शकतो, कारण त्यात संगीताबरोबर खेळातले आवाजही आहेत. मला तो म्हणूनच प्रिय आहे. १९८४मधल्या जपानी आर्केडच्या दारात उभं राहिल्यासारखं वाटतं.

अशा अल्बमांपुढे एक प्रश्नही होता. खेळातली धून गोल फिरत राहते, तिला शेवट नसतो. रेकॉर्डवर मात्र शेवट लागतो. मग पुढे रिवाज पडला तो असा: धून दोनदा पूर्ण वाजू द्यायची आणि तिसऱ्या फेरीत आवाज हळूहळू विझवायचा. आजही बहुतेक अल्बम असेच बांधलेले असतात.

अल्फानेच १९८६मध्ये जी.एम.ओ. रेकॉर्ड्स हे केवळ गेम संगीताचं लेबल सुरू केलं. जी.एम.ओ. म्हणजे गेम म्युझिक ऑर्गनायझेशन. सेगा, कोनामी, कॅपकॉम, ताइतो अशा एकेका कंपनीच्या नावाने त्यांनी अल्बम काढले. १९८८मध्ये सायट्रॉन हे लेबल आलं, वितरण पोनी कॅनियनचं. त्यांच्या जी.एस.एम. मालिकेत बहुधा आरंभी एखादी नव्याने वाजवलेली रचना असते आणि नंतर खेळातला मूळ आवाज. त्यामुळे पहिलं गाणं ऐकून ‘हे खेळातलं नाहीच’ असं म्हणत डिस्क बाजूला ठेवू नका. याच लेबलने १,५०० येनांची स्वस्त मालिकाही काढली होती, एकेका खेळाला एकेक डिस्क.

दुसरी शाखा किंग रेकॉर्ड्सची. १९८७पासून त्यांनी फाल्कॉमच्या खेळांचं संगीत काढलं. त्यातलं ईस हे युझो कोशिरो आणि मिएको इशिकावा यांचं संगीत घरगुती संगणकावरच्या साध्या चिपमधून निघालेलं आहे, आणि तरीही त्याला रॉक बँडचा जोर आहे.

तिसरी शाखा स्क्वेअरची. फायनल फँटसीचे नव्वदच्या दशकातले अल्बम आधी एनटीटी पब्लिशिंगने काढले. १९९६मध्ये स्क्वेअरने डिजिक्यूब ही उपकंपनी उभी केली. तिचा धंदा म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानांतून खेळ विकायचे, आणि त्यांचे साउंडट्रॅकही तिनेच काढले. नोव्हेंबर २००३मध्ये डिजिक्यूब दिवाळखोरीत गेली आणि तिच्या डिस्का छापणं थांबलं. सेकंडहँड बाजारात त्यांचे भाव लगेच चढले. २००४पासून स्क्वेअर एनिक्सने त्यातले बरेच अल्बम स्वतःच्या क्रमांकाने पुन्हा काढले. हे माहीत नसलेला माणूस अजूनही जुन्या छपाईला दुप्पट-तिप्पट पैसे मोजतो, आणि संगीत तेच असतं.

नंतर संगीतकारांनी आपापली घरं बांधली. नामकोमधून आलेले शिंजी होसोए यांनी २०००मध्ये सुपरस्वीप काढलं, हितोशी साकिमोतो यांचं बेसिस्केप २००२चं, उएमात्सु यांचं डॉग इअर रेकॉर्ड्स २००६चं. ज्यांना एकेकाळी खेळात स्वतःचं नाव घालता येत नव्हतं, त्यांची नावं आता कंपनीच्या पाटीवर आहेत. मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सगळ्यात जास्त समाधान देते.

पायरी ३: डिस्क उलटी करून वाचा

जपानी सीडीच्या कण्याला कागदाची एक पट्टी गुंडाळलेली असते, तिला ओबी म्हणतात. किमोनोच्या कंबरपट्ट्याचंच नाव. पट्टीवर आणि पाठीवर तीन गोष्टी शोधा: कॅटलॉग क्रमांक, किंमत आणि तारीख.

क्रमांकाच्या सुरुवातीची अक्षरं लेबल सांगतात. पीसीसीबी असेल तर पोनी कॅनियन, एसएससीएक्स असेल तर डिजिक्यूब, एसक्यूईएक्स असेल तर स्क्वेअर एनिक्स. ऐंशीच्या दशकातल्या डिस्कांत तर क्रमांकातच किंमत लपलेली असते. ‘२८एक्सए’ने सुरू होणारी अल्फाची सीडी २,८०० येनांची. किंगच्या फाल्कॉम डिस्कांवर ‘के३०एक्स’ दिसतं, म्हणजे ३,००० येन.

किमतीवरून वयही कळतं. जपानमध्ये उपभोग कर १ एप्रिल १९८९ रोजी ३ टक्क्यांनी सुरू झाला, १९९७मध्ये ५ टक्के झाला, २०१४मध्ये ८ आणि ऑक्टोबर २०१९मध्ये १०. समजा ओबीवर करासह २,८०० आणि कराशिवाय २,७१८ असं छापलं आहे. हिशेब करून पाहा, ३ टक्के निघतात. म्हणजे ही पट्टी १९८९ ते १९९७ या काळातली. विक्रेता ‘१९८७ची पहिली छपाई’ म्हणत असेल तर त्याला नम्रपणे विचारा. कराचा उल्लेखच नसलेली जुनी पट्टी बहुधा त्याआधीची.

जपानी येत नसलं तरी अडत नाही. फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर होतं. फक्त माणसांची नावं त्यात हमखास चुकतात, कारण एकच चित्रलिपी अनेक तऱ्हांनी वाचता येते. नावांसाठी व्हीजीएमडीबी या माहितीसंग्रहावर क्रमांक टाका. स्वयंसेवकांनी चालवलेला हा संग्रह आहे. छपाईची तारीख, गाण्यांची यादी, श्रेयनामावली आणि पुस्तिकेची छायाचित्रं तिथे मिळतात. खरेदीआधी तिथे न बघणं म्हणजे सातबारा न बघता जमीन घेणं.

पायरी ४: मूळ की अरेंज, हे ठरवा

‘ओरिजिनल साउंडट्रॅक’ म्हणजे खेळात वाजतं तेच. ‘अरेंज’ म्हणजे तीच रचना वाद्यांवर नव्याने बांधलेली. काही अल्बम वाद्यवृंदाचे असतात. कोइची सुगियामा यांनी ड्रॅगन क्वेस्टचं संगीत १९८६पासूनच वाद्यवृंदाच्या रूपात मांडलं आणि २० ऑगस्ट १९८७ रोजी तोक्योच्या सन्टोरी हॉलमध्ये त्याची मैफल केली. शिवाय कंपन्यांचे स्वतःचे बँड होते: ताइतोचा झुन्टाटा, सेगाचा एस.एस.टी. बँड. त्यांची थेट मैफलींची ध्वनिमुद्रणं आहेत, आणि ती ऐकताना प्रेक्षकांचा जल्लोष ऐकून अंगावर काटा येतो. ‘ड्रामा सीडी’ मात्र पहिल्या वर्षी टाळा, त्यात संवाद असतात आणि जपानी येत नसेल तर हाती फारसं काही लागत नाही.

पायरी ५: नकली डिस्क ओळखा

माझे हात इथेच पोळले. छंदाच्या पहिल्याच वर्षी मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून तीन डिस्कांचा संच घेतला, किंमत मला फारच परवडणारी वाटली होती. पाकीट फोडलं, वास नवा, कव्हर चकचकीत. खिडकीशी नेऊन पाहिलं तेव्हा मुखपृष्ठावरची बारीक जपानी अक्षरं कडांना पसरलेली दिसली, जणू छापील चित्राचाच पुन्हा फोटो काढला होता. मग डिस्क उलटी केली. मधल्या भोकाभोवतीच्या पारदर्शक कड्याजवळ कोरलेले बारीक आकडे असतात, खऱ्या जपानी डिस्कवर तिथे बहुधा कॅटलॉग क्रमांक असतो. माझ्या डिस्कवर वेगळाच क्रमांक होता. तो शोधला तर कुठल्याच जपानी लेबलचा निघाला नाही. संगीत तेच होतं, पण ज्या माणसांसाठी मी पैसे मोजले त्यांच्यापर्यंत त्यातला एक पैसाही गेला नव्हता, याचं मला फार वाईट वाटलं.

नव्वदच्या दशकात आणि नंतर अशा नकला मोठ्या संख्येने छापल्या गेल्या, बऱ्याचशा तैवानमध्ये, आणि त्या अजूनही फिरत आहेत. म्हणून विक्रेत्याकडे चार फोटो मागा: पाठ, कणा, डिस्कची वरची बाजू आणि तिरप्या उजेडात खालच्या बाजूचं मधलं कडं. ‘नवीन, सीलबंद’ म्हणत असेल आणि ओबी नसेल तर सावध व्हा. वापरलेल्या डिस्कवर ओबी नसणं मात्र साधी गोष्ट आहे, पट्ट्या हरवतातच. खालची बाजू निळसर-हिरवट झाक मारत असेल तर ती बहुधा घरच्या संगणकावर कॉपी केलेली डिस्क. आणि एक गैरसमज: जासराक या जपानी हक्कसंस्थेचं चिन्ह नाही म्हणजे नकली, असं काही जण ठासून सांगतात. ते खरं नाही. गेम संगीताचे हक्क बरेचदा खेळ कंपनीच स्वतःकडे ठेवते, त्यामुळे अस्सल डिस्कवरही ते चिन्ह नसू शकतं.

पायरी ६: मागवायचं कसं

नव्या डिस्का जपानमधली काही ऑनलाइन दुकानं थेट भारतात पाठवतात. जुन्यांसाठी मध्यस्थ सेवा लागते: बायी, झेनमार्केट अशा. तुम्ही याहू ऑक्शन किंवा मेरकारीवरची वस्तू दाखवायची, ते तुमच्या वतीने घेतात, गोदामात ठेवतात आणि नंतर पाठवतात. डिस्क ८०० येनांची दिसली म्हणून लगेच हुरळू नका. जपानमधला टपालखर्च, मध्यस्थाचं शुल्क, परदेशी टपाल आणि इथलं कस्टम शुल्क, हे चारही कागदावर लिहून मगच ठरवा. प्लास्टिकच्या डबीसकट एक सीडी साधारण १०० ग्रॅम भरते. एकटी मागवण्यापेक्षा गोदामात सहा-सात साठवून एकाच खोक्यात मागवल्या तर दर डिस्कमागे खर्च बराच उतरतो. कस्टमची रक्कम कधी पोस्टमन दारातच मागतो, तेव्हा सुटे पैसे घरी ठेवा. खोक्यावर किंमत कमी लिहायला सांगू नका, पार्सल अडकतं आणि मग निस्तरताना नाकी नऊ येतात.

सगळ्यात चांगली वाट म्हणजे ओळखीचं माणूस. तोक्योच्या एदोगावा भागात, निशिकासाईच्या आसपास, आयटीमधली पुष्कळ भारतीय कुटुंबं राहतात आणि त्यांत मराठी घरंही आहेत. आपली मावशी, चुलतभाऊ, कॉलेजची मैत्रीण तिथे असेल तर सुट्टीला येताना चार डिस्का सहज आणते. त्यांना ‘काहीतरी गेमचं आण’ असं सांगू नका, नेमका कॅटलॉग क्रमांक लिहून पाठवा. स्वतः गेलात तर बुक ऑफ या सेकंडहँड दुकानांच्या साखळीच्या शाखांत अनिमेच्या कप्प्यालगत बघा, आणि तोक्योच्या नाकानो ब्रॉडवेमधल्या मंदाराके या दुकानाला अर्धा दिवस द्या. सेकंडहँड दुकानात डिस्कची अवस्था दाखवणारी चिठ्ठी लावलेली असते, ती कॅमेऱ्याने वाचून घ्या. जपानी दुकानदार बारीक ओरखडासुद्धा प्रामाणिकपणे लिहितात.

पायरी ७: आपल्या हवेत टिकवायचं कसं

कोकण, मुंबई, गोवा इथल्या पावसाळ्यात प्लास्टिकच्या डबीला काही होत नाही, पण आतल्या पुस्तिकेला आणि ओबीला बुरशी धरते. मी माझ्या एका पुस्तिकेची पानं एकमेकांना चिकटलेली पाहिली आहेत. ओढली तर शाई निघून येते, म्हणून ती तशीच ठेवली आहे. जूनच्या आधी डिस्का भिंतीला लागून असलेल्या कपाटातून काढा, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवा आणि सिलिका जेलच्या पुड्या टाका. पुड्या महिन्याने बदला किंवा वाळवा. डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांचा वास कागदात कायमचा मुरतो आणि प्लास्टिकलाही त्या चांगल्या नाहीत. ओबी डबीवर गुंडाळलेली राहिली तर उघडझाप करताना फाटते. बाहेरून पातळ पारदर्शक पिशवी घाला, किंवा पट्टी सपाट करून पुस्तिकेच्या मागे सरकवा.

पहिली डिस्क घरी आली की तिची पुस्तिका शेवटच्या पानापर्यंत बघा. तिथे बारीक अक्षरांत संगीतकार, ध्वनिमुद्रक आणि निर्मात्याचं नाव असतं. त्यातलं एक नाव वहीत लिहा, व्हीजीएमडीबीवर टाका आणि त्या माणसाने आणखी कुठल्या लेबलसाठी काम केलं ते पाहा. दुसरी डिस्क त्या यादीतून निवडा.